डब्बा आला, सिस्टम नाही आली

आमच्या गटात किस्से घडत नाहीत, साचतात. कढईच्या बुडाशी गाळ साचतो ना, तसे. रोज म्हणायचं उद्या घासू, आणि उद्या परत चकलीची ऑर्डर! हात दुखतात, पाठ दुखते, कोण घासणार? पण आता गाळ फार झाला, म्हणून सांगायला बसले.

गट म्हणजे बड़ा गणपतीच्या मागच्या गल्लीत, माझ्या घराच्या खालच्या खोलीत चालणारा आम्हा बायकांचा उद्योग. चकली, चिवडा, शेव, पापड. त्यात शिकलेल्या म्हणजे लताबाई, बी.ए. झालेल्या. बोलणाऱ्या म्हणजे सुमनताई, महूच्या. वडील फौजेत होते, ते अजून त्यांच्या आवाजात आहेत. आणि सगळ्यांत लहान शालू. तिला नवऱ्याने टाकलं. माझ्याच वरच्या खोलीत राहते.

शालूचा भाऊ देपालपूरला. धान्याचा व्यापारी. माणूस वाईट नाही, पण डोक्यात एकच, "पापड बेलायला इंदौरात कशाला राहायला पाहिजे? घरी चल. वहिनीला मदत होईल."

वहिनीला मदत म्हणजे काय, ते बायकांना वेगळं सांगायला नको.

एकदा फोनवर तो फारच मागे लागला तेव्हा शालू बोलून गेली, "दादा, मी पापड नाही बेलत आता. कम्प्युटरवर काम करते. गटाची बिलं बनवते."

भाऊ म्हणाला, "अच्छा? मग दिवाळी झाली की येतो बघायला. खरं असेल तर खुशाल राहा. नसेल तर बॅग भरून ठेव."

फोन ठेवून शालू माझ्यासमोर उभी.

मी म्हटलं, "कम्प्युटर कुठे आहे गं?"

"नाहीये, काकू."

* * *

तसं दुकानदारही मागे लागलेच होते, छापील बिल द्या म्हणून. आम्ही आज-उद्या करत होतो. आता घेतला कम्प्युटर. एका दुकानात जुळवून देतात तसला. ऑटोतून मांडीवर घेऊन आलो, कुंकू लावलं, स्वस्तिक काढलं, नारळ फोडला आणि बटण दाबलं.

काळा पडदा. वर पांढरी इंग्रजी. बस.

लताबाईंनी वाचून पाहिलं आणि मान हलवली, म्हणजे त्यांनाही कळलं नव्हतं. मी दुकानात फोन लावला.

"भिया, हा चालत नाहीये."

"चलेगा कैसे आंटी, ऑपरेटिंग सिस्टम तो डली ही नहीं है. वो अलग से आती है."

"मग तुम्ही आम्हाला विकलं काय?"

"डब्बा!"

एवढं खरं बोलणारा दुकानदार मी पहिल्यांदा पाहिला. चिडायला पण जोर राहिला नाही.

* * *

लताबाईंचे मिस्टर म्हणाले, "सिस्टमवर कुठे खर्च करता? माझ्याकडे आहे ना, फुकटवाली. सगळेच वापरतात." रविवारी पेन ड्राइव्ह घेऊन आले. चहा प्यायले, पोहे खाल्ले, वरून भुरभुरायला जीरावन मसाला मागून घेतला आणि टाकली सिस्टम. पडदा निळा झाला, आम्ही टाळ्या वाजवल्या. शालू तर रडायचीच बाकी होती.

सोमवारी सकाळी चालू केला. बिलाचं पान उघडायच्या आत एक बाई आली पडद्यावर. अंगावर कपडा जेमतेम. हातात पत्ते. डोळा मारून म्हणे, रमी खेळा. बंद केली तर दुसरी आली. दुसरी बंद केली तर दोघी आल्या!

नेमके तेव्हाच सराफ्याच्या बाजूचे आमचे जुने गिऱ्हाईक शेवेची ऑर्डर द्यायला दारात उभे. शालूने पदर पसरून पडद्यावर धरला.

संध्याकाळी मिस्टर आले. म्हणाले, "फुकटवालीत थोड्या जाहिराती येतातच."

सुमनताई शेव गाळता गाळता म्हणाल्या, "भाऊजी, एक काम करा. या दोघींना पण चकल्या पाडायला शिकवा. इथे बसूनच आहेत तर."

मिस्टर नंतर महिनाभर पोहे खायला आले नाहीत.

मी सांगितलं, पुड्यावर आपण 'शुद्ध' छापतो. आत चोरीचा माल चालणार नाही. ओरिजिनल आणायची.

लताबाई तोंडातल्या तोंडात म्हणाल्या, "चौथी शिकलेल्या बाईला सिस्टममधलं काय कळतं!"

म्हटलं, "सिस्टममधलं नाही कळत. रमीवालीमधलं कळतं."

* * *

ओरिजिनल आणायला मी, सुमनताई आणि शालू गेलो. महागाची वस्तू, म्हणून तांदळाची मोठी पिशवी घेतली. आत जुनी चादर पण टाकली, ऑटोत धक्का लागू नये म्हणून.

दुकानदाराने मशीनवर काहीतरी टकटक केलं आणि एक चिठ्ठी पुढे सरकवली. चिठ्ठीवर नुसते आकडे आणि इंग्रजी अक्षरं.

मी वाट बघतेय. तो माझ्याकडे बघतोय.

"हो गया, आंटी."

"काय हो गया? सिस्टम कुठे आहे?"

"यही है. ये उसकी चाबी है."

"चाबी दिली, कुलूप कुठे आहे?"

"सिस्टम इंटरनेट से आएगी ना, आंटी!"

मी शालूकडे पाहिलं. शालूने चादरीकडे पाहिलं. सुमनताई काउंटरवर कोपर टेकवून म्हणाल्या, "तर मग पत्ता लिहून घे, भिया. बड़ा गणपतीच्या मागे, पिठाच्या गिरणीशेजारी. आणि त्या इंटरनेटला सांग, दुपारी एक ते तीन येऊ नको, आम्ही झोपतो."

रिकामी पिशवी काखेत धरून घरी आलो. वाटेत शालूने विचारलं, "काकू, दादाला काय दाखवू? चिठ्ठी?"

मी पिशवी दुसऱ्या काखेत घेतली.

* * *

शेवटी दुकानाचा मेकॅनिक घरी आला, शर्माजी. केस पांढरे, स्वभाव त्याहून थंड. पेन ड्राइव्ह लावला, चिठ्ठीवरचे आकडे टाकले. सुरुवातीलाच मशीनने विचारलं, भाषा कोणती?

लताबाई पुढे. "मराठी! आपण मराठी माणसं, मराठीच लावा." शर्माजींना काय, लावली.

मग जे शब्द यायला लागले! 'सानुकूलित करा.' 'पुनर्प्रारंभ करा.' शालू प्रत्येक शब्दापुढे अडायची, आम्ही सगळ्या लताबाईंकडे बघायचो आणि लताबाई पंख्याकडे.

सुमनताईंनी विचारलं, "ही कुठली मराठी हो?"

"पुण्याची असेल," लताबाई म्हणाल्या.

"मग तिला तिकडेच राहू दे. शर्माजी, हिंदी करा."

लताबाई रुसल्या, "आपली भाषा शुद्ध नको का?"

मी म्हटलं, "तूप शुद्ध पाहिजे, बाई. भाषा पचली पाहिजे."

* * *

त्यानंतर मशीनने जन्मतारीख विचारली.

इतका वेळ कलकल चाललेली खोली एकदम गार. शर्माजी कीबोर्डवर बोटं ठेवून बसलेले. "किसकी डालूं?"

शालूची टाकू या म्हटलं, तर लताबाई म्हणाल्या, अध्यक्ष मी आहे, नाव माझंच हवं. ठीक आहे, तर मग तारीख सांगा. "तुम्ही सगळ्या बाहेर जा, मी माझी टाकते."

गेलो बाहेर. शर्माजींना पण काढलं बाहेर! एक तो बिचारा परका पुरुष, त्याला यांच्या वयाशी काय करायचंय?

जरा वेळाने आतून हाक आली. आवाज बारीक. "शर्माजी, ये क्या लिख रहा है?"

शर्माजींनी चष्मा लावून वाचलं. बाईंनी लाजेत वर्ष असं काही टाकलं होतं, की मशीनने लिहिलं होतं: तुम्ही लहान आहात, आई-वडिलांची परवानगी आणा.

शर्माजी तसेच थंड. म्हणाले, "मैडम, मम्मी-पापा घर पर हैं?"

* * *

सिस्टम बसली. बिलाचा प्रोग्रॅम बसला. पण शालूचं बोट बसेना! माऊस हातात घेतला की बाण पडद्याच्या बाहेर पळायचा. बिल करायला बसली की कधी गिऱ्हाइकाचं नाव पुसलं जायचं, कधी चकलीच्या जागी चिवडा छापून यायचा. रोज दुपारी बसायची, डोळे लाल करून उठायची. शर्माजी म्हणाले, येईल, पण महिना लागेल.

महिना कुठला? दिवाळी तर झाली होती.

त्यातून त्या मशीनला आणखी एक खोड. रोज कोपऱ्यात विचारायचं, अपडेट आहे, रीस्टार्ट करू का? आत्ता की नंतर? शालू रोज 'नंतर' दाबायची. आम्ही पण म्हणायचो, नंतरच दाब बाई, आता नवी झंझट नको. लोचट पाहुण्यासारखं रोज विचारायचं आणि रोज नाही ऐकून गप्प बसायचं.

मग एका सकाळी मी कढईवर होते, शालू मशीनसमोर. खिडकीतून गल्ली दिसते. तिच्या भावाची मोटरसायकल गिरणीपाशी वळली. मला दिसली, तिलाही दिसली. तो ओट्याच्या पायऱ्या चढायच्या आत बिल करून दाखवणं तिच्या बापजन्मी झालं नसतं.

शालूने माऊस धरला. त्या दिवशी बाण कुठे पळाला नाही. सरळ कोपऱ्यात गेला. तिने 'आत्ता' दाबलं.

भाऊ आत आला तेव्हा पडद्यावर गोल गोल फिरत होतं आणि खाली मोठ्या हिंदी अक्षरांत होतं: अपडेट चल रहा है, कंप्यूटर बंद न करें. शालू पाठ ताठ करून समोर बसलेली, हात मांडीवर.

"काय गं, दाखव तुझं काम."

"चालू आहे, दादा," शालू म्हणाली. मान वळवली नाही.

भावाने खुर्ची ओढली. चहा झाला. पोहे झाले. गोल फिरतंच होतं. टक्क्यांचा आकडा एका जागी गोठलेला.

"किती वेळ लागेल?"

"सांगता येत नाही."

"तर उठ ना तोवर. बॅग तर दाखव, भरली का नाही."

आता आमच्याकडे एक रीत आहे. घाणा कढईत असला की तळणाऱ्या बाईला कोणी हाक मारत नाही. घरून फोन आला तरी नाही, पाहुणा आला तरी नाही. नजर हलली की घाणा गेला आणि हातही गेला. सुमनताईंनी झारा उचलला आणि भावाला फौजेतल्या आवाजात म्हणाल्या, "दिनेश भिया, घाणा चालू आहे. बाईला उठवायचं नाही."

भाऊ दचकला. परत पडद्यावरचं वाचलं, ओठ हलवत, एकेक शब्द. मग हळूच म्हणाला, "हां हां, बरोबर आहे. आमच्या मंडीत एकाने असंच मधेच बंद केलं होतं. सगळ्या सीझनचा हिसाब गेला. व्यापारी मारायला धावले होते त्याला." आणि खुर्ची मागे घेतली, आवाज न करता. "ही जबाबदारी हिच्या एकटीवर आहे?"

"एकटीवर," मी म्हटलं.

तो थोडा वेळ तिच्या पाठीकडे बघत राहिला. मग चपला हातात घेऊन पाऊल न वाजवता बाहेर निघाला. दारात मला म्हणाला, "काकू, हिला मधून कोणी उठवू नका हां!"

मोटरसायकल त्याने दारात चालू केली नाही. गल्लीच्या टोकापर्यंत ढकलत नेली.