साईटवरचा हॉल

बायको गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आम्ही अंबरनाथच्या बुद्धविहारात ठेवला होता. वंदना झाली की आमच्यात जवळची माणसं गेलेल्या माणसाबद्दल उठून चार शब्द बोलतात. तिच्या माहेरचं आता एकच माणूस उरलं होतं, तिचा धाकटा भाऊ. तिचं चामटोलीतलं लहानपण त्यानेच पाहिलेलं. ते मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. त्या दिवसाकडून मला दुसरं काही नको होतं.

मेहुण्याचं उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये कॉम्प्युटरचं दुकान. त्याने ताईच्या नावाने वेबसाईट काढली होती आणि तिला कुठल्याशा कंपनीचा हॉल जोडला होता. साईट उघडली की स्क्रीनवर माणसाचा बाहुला व्हायचा आणि त्या हॉलमध्ये उभा राहायचा. समोर तिचा फोटो. मेणबत्ती क्लिक केल्यावर पेटायची.

"दाजी, दुबईवाले पण येणार. घरबसल्या श्रद्धांजली!"

विहारात सगळे हात जोडून बसले होते. हा कोपऱ्यात, मांडीवर लॅपटॉप. त्याच्या बाहुल्यांना बसता येत नव्हतं. कोणी हलवलं नाही तर ते आपोआप कंबर हलवू लागत. तेवढ्यात भलत्याच साईटवरून भरकटत आलेल्या एकाने तिच्या फोटोसमोर उभं राहून लिहिलं, 'कोई लड़की है क्या इधर?'

"पब्लिक आहे दाजी, कुठूनही घुसते," मेहुणा म्हणाला. एवढा अभिमान मी दुकानाच्या उद्‌घाटनालाही त्याच्या तोंडावर पाहिला नव्हता.

बोलायची वेळ आली. मी म्हटलं, "ऊठ, बोल."

"टाकलंय ना साईटवर."

टाकलं होतं. 'ताई ग्रेट होती', आणि पुढे पिवळा रडका चेहरा.

निघताना चपला घालता घालता तो सहज म्हणाला, "ताई एकदा शाळा बुडवून एकटीच बारवी धरणावर गेलेली, माहितीये?"

"नाही. कशाला?"

"मोठी स्टोरी आहे. साईटवर टाकतो, सगळ्यांनाच कळेल."

त्या हॉलची मला किळस होती. तरी स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत जाऊन मी दर रविवारी बाहुला होत राहिलो, त्या फोटोसमोर कंबर हलवत राहिलो. स्टोरी आली नाही. फोटोच्या बाजूला रिंगटोनची जाहिरात आली. मग एका रविवारी हॉलच उघडेना.

मी त्याच्या दुकानात गेलो.

"कंपनी बंद पडली, दाजी. आता दुसरं मस्त काहीतरी आलंय."

"ताई बारवीला कशाला गेली होती?"

त्याने स्क्रीनवरून मान वर केली.

"कधी?"