न भेटलेल्या माणसाचं उत्तर

माझ्या थोरल्या नणंदेला, म्हणजे आमच्या वन्संना, मी त्या आठवड्यात पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. एरवी अनोळखी दारावरच्या कुत्र्यालाही दरडावून गप्प करणारी बाई.

एकवीस वर्षं त्या एकच काम करताहेत. एका संस्थेनं एकाच वर्षी शाळा सोडून कामाला लागलेली माणसं निवडली होती. ती कुठं काम करतात, काय सोसतात, हे दर दोन वर्षांनी घरी जाऊन विचारायचं. वन्संच्या वाट्याला बावन्न जण. त्यांच्या बदल्या, पाठदुख्या, साहेबांशी झालेली भांडणं, सगळं वन्संना तोंडपाठ. आमचे हे चिडवायचे, "सख्ख्या भावाची एवढी चौकशी केली नाहीस कधी."

विचारायची रीत ठरलेली. आधी मागचं उत्तर वाचून दाखवायचं, मग विचारायचं, अजून तसंच आहे का?

मागच्या फेरीला सासूबाई शेवटच्या दुखण्यात होत्या आणि वन्सं त्यांच्या उशाशी. तीन घरं राहिली होती, मुदत संपत आलेली. ते तीन फॉर्म वन्संनी घरी बसूनच भरले. त्यातला एक टर्नर, कारखान्यात लेथ यंत्रावर लोखंड कातणारा; टर्नर माणूस लेथ सोडून जातोय कुठं, असं म्हणून त्याचंही जुनंच उत्तर उतरवलं. मी शेजारी भाजी निवडत होते. मीही अडवलं नाही.

यंदा त्यातल्या दोन घरी मागचं उत्तर वाचून दाखवलं, कुणाला शंका आली नाही. टर्नरचं उरलं. तेवढ्यात कळलं, की संस्थेचे साहेब या वेळी काही घरांना फोन करून उत्तरं ताडून पाहणार आहेत. तेव्हापासून वन्सं फोन वाजला की मलाच उचलायला लावायच्या. शेवटी म्हणाल्या, "अगं, सोबत येतेस?"

चपला दुरुस्तीच्या दुकानावरची खोली. टर्नरच्या बायकोनं दार उघडलं. तो टेबलाशी बसला होता, उजवा हात खिशात. वन्संनी फॉर्म काढून वाचायला सुरुवात केली. लेथवर काम, दोन पाळ्या, अपघात नाही. शेवटचा शब्द त्यांच्या तोंडातच राहिला, कारण त्यानं हात टेबलावर ठेवला होता. दोन बोटं मुळापासून गेलेली.

"मोजणी आता आठातच आटोपते," तो म्हणाला.

बायको हसली नाही. "अपघात नाही, असं यांनी कधी सांगितलं? बोटं गेली त्या वर्षी तुम्ही आलाच नाहीत. कारखान्यानं लिहिलं, यांनी आपणहून काम सोडलं. म्हटलं, तुम्ही तरी खरं लिहून घ्याल."

वन्संनी आईचं दुखणं सांगितलं, घरी बसून भरलेला फॉर्म सांगितला.

"यात तुमची नोकरी जाईल?" टर्नरनं विचारलं.

"जाईल बहुतेक."

त्यानं हात पुन्हा खिशात घातला. मग म्हणाला, "असू दे तसंच. फोन आला तर सांगेन, मीच म्हणालो होतो."

त्याची बायको उठून आत गेली. मी देवाचं नाव घेत होते, आणि खरं सांगते, वन्संनी हो म्हणावं एवढंच मागत होते.

"नको," वन्सं म्हणाल्या. "माझ्यासाठी तुम्ही खोटं बोलायचं नाही."

शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, मागच्या फेरीत या घरी गेले नाही, उत्तर मी मनानं भरलं. खाली सही केली. मग पहिल्यापासून विचारायला घेतलं. अपघाताची तारीख टर्नरला आठवेना. आतून त्याच्या बायकोनं तारीख सांगितली, वेळही सांगितली.

उरलेल्या दोन घरांच्या फॉर्मवरही वन्संनी तसंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी आम्ही ऑफिसात साहेबांच्या खोलीबाहेर बाकावर बसलो. त्यांचा हात माझ्या हातात होता. पाऊण तासानं शिपायानं बोलावलं. त्यांच्याबरोबर मीही उठले.

"तू इथंच बस," म्हणाल्या, आणि तिन्ही फॉर्म घेऊन आत गेल्या.