फोटोतलीच गाडी

मासिकवाले गाडी परत करून गेले, त्याच दुपारी मालक वर्कशॉपमध्ये आले.

"ते पॅड आन् टायर काढून घ्या. कंपनीचे लावा. ही गाडी डेमोची म्हणून विकून टाकू."

नांदेडच्या एका शोरूममध्ये मी सर्व्हिस मॅनेजर आहे. लातूरजवळच्या मोकळ्या रस्त्यावर चार कंपन्यांच्या स्पोर्ट बाईक पळवून एक मासिक त्यांची तुलना छापणार होतं. त्यातली आमची गाडी मी आठवडाभर राबून तयार केली होती. ब्रेक पॅड म्हणजे चाकाच्या डिस्कला दोन्हीकडून चिमटा घेणारे तुकडे. गिऱ्हाइकाच्या गाडीत साधे असतात. लांब उतारावर तापले की पकड सोडतात. मी शर्यतीच्या गाडीला लावतात तसले बसवले. टायरही मऊ रबराचे, रस्ता धरून ठेवणारे. काय बदललंय ते मासिकवाल्यांनी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. पाहुणे येणार म्हणून घर झाडतो, तसंच मला ते वाटलं. उलट हाताला गुण आहे म्हणून तोरा मिरवला.

मालकांनी सांगितल्यावर मी ते काढून कंपनीचे साधे लावले. अंक आला. ब्रेकमध्ये आमची गाडी पहिली. मालकांनी ते पान फ्रेम करून काउंटरमागे लावलं.

थोड्याच दिवसांत मुदखेडचे महादेवअप्पा आले. पस्तिशीचा माणूस, हार्डवेअरचं दुकान, काखेत तेच मासिक. फोटोतल्या नंबर प्लेटवर बोट ठेवून म्हणाले, "मला नवी नको. हीच द्या. तपासलेली गाडी हाय."

मग मला बाजूला घेतलं. "साहेब, घाटात मला लई भ्या वाटतं. बायकोला घेऊन माहूरला जायचंय. ब्रेक खरंच इतके चांगले हायत का?"

मालक काउंटरवर बसले होते. मी फ्रेमकडे बघितलं. "छापून आलंय की, अप्पा."

आपण खोटं बोललो नाही, अशी मी मनाची समजूत घातली. हार घातला, नारळ फुटला, चाकाखाली लिंबू चिरडलं.

माहूरहून उतरताना ब्रेक दाबूनही गाडी थांबली नाही. कठड्यावर आदळली. अप्पांचा पाय मोडला, वहिनींचं कोपर. गाडी टेम्पोत घालून आमच्याकडेच आणली. मी पॅड उघडले. जळून काचेसारखे गुळगुळीत झाले होते. त्या दिवशी मला डबा गेला नाही.

तीनेक महिन्यांनी अप्पा लंगडत आले. भांडायला आले असं वाटलं. आले असते तर बरं झालं असतं.

"गाडी विकून टाका, साहेब. आपल्याला जमत न्हाई. मासिकात ब्रेक एक नंबर लिवलाय. म्हंजी दाबणाऱ्यातच खोट. बायकोचा हात माझ्यामुळं वाकडा राहिला."

मला राहवेना. सगळं सांगितलं. कपाटातून ते शर्यतीचे पॅड आणून त्यांच्या हातात ठेवले.

अप्पांनी ते उलटसुलट करून पाहिले. मग फ्रेमकडे पाहिलं. "तुम्ही माझं मन राखायला बोलायलात, साहेब. येवढ्या मोठ्या मासिकाला कळलं नसतं का?"

पॅड काउंटरवर ठेवून ते बसस्टँडकडे चालत गेले.

तुलना वाचताना आधी एवढंच शोधा: गाडी मासिकवाल्यांनी दुकानातून विकत घेतली होती, की कुणी तयार करून दिली होती? ते लिहिलेलं नसेल तर पान उलटा. आणि वर्कशॉपवाल्याला विचारायचंच असेल, तर मालक नसताना विचारा.