नाव आहे, नाव नाही

मंगळवारी सकाळी चहा गाळत होते, तेवढ्यात हेतलबेनचा फोन आला. इथे बडोद्यात एका ट्रस्टचं डायलिसिस सेंटर आहे, तिथली ती इन्चार्ज. "मासी, जल्दी आवो ने... सिस्टम पागल थई गई छे!"

तिथला बुकिंगचा प्रोग्राम मी नोकरीत असताना हौसेने लिहिलेला... पर्ल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत. मी रिटायर झाले आणि ट्रस्टने मेंटेनन्स एका कंपनीकडे दिला. त्यांनी आल्या आल्या पर्लला नाकं मुरडली आणि मग त्यातच रिपोर्ट काढणारे आपले तुकडे चिकटवले.

पोचले तेव्हा डभोईच्या सविताबेन बाकावर बसल्या होत्या. पाय सुजलेले, बोलतानाही धाप लागत होती. त्यांची दुपारची वेळ बदलून आदल्या संध्याकाळी सकाळची केली होती. आता बुकिंगचं पान उघडलं की त्यांचं नाव दिसे, रिफ्रेश केलं की गायब... पुन्हा रिफ्रेश, पुन्हा हजर. आणि नियम असा, की स्क्रीनवर नाव नाही तर मशीन नाही. त्या मशीनसाठी दुसरा पेशंट दारात उभाच होता.

कंपनीच्या माणसाला फोन लावला. "आंटी, ब्राउझरनो कॅश क्लियर करो. नहीं तो सर्व्हर रिस्टार्ट!"

आत मशीनवर असलेल्यांच्या नोंदी अर्धवट भरलेल्या... आणि हा म्हणे रिस्टार्ट. "त्यापेक्षा तूच रिस्टार्ट हो," म्हटलं आणि फोन ठेवला.

सर्व्हरवर प्रोग्रामच्या अनेक प्रती, म्हणजे प्रोसेस, एकाच वेळी चालतात; पान त्यातल्या कुठल्या प्रोसेसने दिलं, त्याचा नंबर पानाच्या तळाशी छापणारी एक ओळ घातली. रिफ्रेश... रिफ्रेश... नाव गिळणारा नंबर दर वेळी तोच!

प्रत्येक प्रोसेस डेटाबेसशी एकदा कनेक्शन जोडते आणि तेच जपून पुन्हा पुन्हा वापरते. या एकीच्या कनेक्शनवर आदल्या दुपारपासून एक ट्रान्झॅक्शन, म्हणजे डेटाबेसशी सुरू केलेला व्यवहार, बंद न होता उघडंच राहिलं होतं. त्यानंतरचे बदल तिला दिसतच नव्हते... म्हणजे नाव दाखवणाऱ्या बाकीच्या प्रोसेस खऱ्या.

"हेतल, यांना आत घे. नाव आहे."

तिने स्क्रीनकडे पाहिलं. नेमकं तेव्हा नाव नव्हतं. मग माझ्याकडे पाहिलं. "मासी, तमे कहो छो ने? बस." आणि सविताबेनना हाताला धरून आत घेऊन गेली.

मग बसून शोधलं. कंपनीचा रिपोर्ट ट्रान्झॅक्शन उघडायचा, आणि नोंदी सापडल्या नाहीत की ते तसंच टाकून मधूनच परत फिरायचा. रिक्वेस्ट संपली की रोलबॅक, म्हणजे उघडं राहिलेलं ट्रान्झॅक्शन रद्द करून बंद... एवढी एक ओळ घालायची होती. ती मी घातली.

संध्याकाळी कंपनीची मेल, 'आमच्याकडून प्रॉब्लेम सोडवण्यात आला आहे.' आमच्याकडून! दुसऱ्याच्या वहीवर आपलं नाव घालणारीला आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी दिवसभर वर्गाबाहेर उभं केलं असतं.

राग अजून गेलेला नाही. पण हेतलचा तो क्षण डोक्यातून जात नाही... मी चुकले असते तर ट्रस्टला उत्तर तिला द्यावं लागलं असतं, मला नाही. तरी तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही.