थदडीच्या दिवशीचं पिठलं

आईला उल्हासनगर मुळीच आवडलं नव्हतं. वडलांना अंबरनाथच्या कारखान्यात काम लागलं, गावचं रान चुलत्यांवर सोपवलं आणि आम्ही तिघं साताऱ्याकडून थेट कॅम्प चारच्या बराकीतल्या एका खोलीत येऊन पडलो. ऐंशी सालानंतरची गोष्ट, मी असेन नऊ वर्षांची. ओळीतली बाकी सगळी घरं सिंध्यांची. आईचं एकच पालुपद, "हितं आपलं कोण हाय? उद्या काय बरंवाईट झालं तर पिठलं-भाकरी कोण आणंल?"

आमच्याकडे माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही. शेजारचे पिठलं-भाकरी करून आणतात आणि बळंबळं चार घास खायला लावतात. आईच्या लेखी शेजार म्हणजे एवढंच. बाकीचं सगळं तोंडदेखलं.

श्रावणात एका सकाळी ती दचकून उठली. रोज ओळीतले सगळे स्टो एकदम फरफरायचे, त्या दिवशी एकाचाही आवाज नाही. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना अख्खी ओळ अम्मा म्हणायची. त्यांचा स्टो तर धुऊनपुसून कोपऱ्यात ठेवलेला.

"अगं बया! कुणीतरी लई मोठं माणूस गेलं गं," असं म्हणत आईने पीठ मळायला घेतलं. इथल्या लोकांच्या नावाने रोज बोटं मोडणारी माझी आई, तिने त्या दिवशी वीस भाकऱ्या बडवल्या! टोपली तिच्या डोक्यावर, वाफाळत्या पिठल्याचं पातेलं माझ्या हातात.

अम्मांच्या घरात पोरं खिदळत होती. ताटल्यांत जाड गोड रोट्या, तळलेली भेंडी, दही. आईला त्यातलं काही दिसलंच नाही. तोंडाला पदर लावून तिने विचारलं, "अम्मा, कोण गेलं हो?"

"कोई नहीं गया, बेटी. आज छुट्टी है, सब घर में हैं."

आईला वाटलं, म्हातारीला अजून सांगितलंच नाही! तिने हंबरडा फोडला.

अम्मांच्या सुनेची हसून हसून पुरेवाट झाली. अम्मांनी तिला डोळ्यांनीच गप्प केलं. मग कळलं की आज त्यांची थदडी. थदडीला चुलीला विश्रांती, आदल्या दिवशीचं थंडच खायचं, त्या दिवशी शिजलेलं गरम अन्न जिभेला लावायचं नाही. आणि आम्ही उभ्या गरम पिठलं घेऊन! धरणी दुभंगेल तर बरं असं आईला झालं. हे का आणलंत, असं अम्मांनी विचारलं तेव्हा मी माझ्या शाळेतल्या हिंदीत आमची रीत कशीबशी सांगितली.

अम्मांनी टोपली आपल्याकडे ओढून घेतली. मग म्हणाल्या, "हम सिंध से निकले तब रास्ते में मेरी बेटी चली गई. बुझाने को चूल्हा भी नहीं था. रोटी कौन लाता?"

आई रडायची थांबली.

अम्मांनी टोपली परत दिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्या उंबऱ्यावर येऊन बसल्या आणि कडक झालेली भाकरी दह्यात भिजवून, थंडगार पिठल्याबरोबर, उरलेल्या चार दातांनी चावून चावून खाल्ली. "आज चलता है," म्हणाल्या. त्यांचं व्रतही मोडलं नाही आणि आमचं अन्नही मागे फिरलं नाही. असं सुचतं कसं हो माणसाला? मला आजही नवल वाटतं.

त्यानंतर आई बदलत गेली, तिच्याही नकळत. पाहुणा आला की चहाआधी पाणी आणि भाजलेला पापड पुढे यायला लागला. गावाकडची माणसं कुजबुजायची, "ही पार सिंधीण झाली." थदडीला आमचाही स्टो बंद. आता मी बदलापूरला राहते, गॅसच्या तीन शेगड्या आहेत, पण त्या दिवशी एकही पेटत नाही.

नव्वदनंतर वडील गेले, एका सकाळी, चहा पिता पिता. बूथवरून गावी फोन केला. दुपारी चुलते पोचले, संध्याकाळी सगळं उरकलं. आईच्या डोळ्यांत सकाळपासून टिपूस नव्हतं. मला तिचीच भीती वाटायला लागली होती.

दारात अम्मा आल्या. आता त्या चार पावलंही सुनेच्या आधाराशिवाय चालत नव्हत्या. सुनेच्या हातात टोपली आणि पातेलं. त्यांच्या घरात कधी भाकरी होत नसे, वरणभात आणला असता तरी कुणी नावं ठेवली नसती. पण म्हातारीने दहा-बारा वर्षांपूर्वी एका पोरीने मोडक्या हिंदीत सांगितलेली रीत ध्यानात ठेवली होती! पिठल्यात टोमॅटो होता, वर तेल तरंगत होतं. भाकऱ्या बोटभर जाड, कडांना भेगा पडलेल्या. अम्मांनी आईपुढे ताट ठेवलं आणि "खा, बेटी," एवढंच म्हणाल्या.

चुलते म्हणाले, "वहिनी, आता गावी चला. हितं तुमचं कोण हाय?"

आईने वर बघितलं. जाड भाकरी मोडून अर्धी चुलत्यांच्या हातावर ठेवली.

"कोण हाय म्हंजे? ही भाकरी काय आभाळातनं पडली?" ती म्हणाली, आणि अम्मांच्या मांडीवर डोकं टाकून धाय मोकलून रडली.