घाटाआधीचा दगड

“दात सोड आधी.”

मी काहीही विचारायला तोंड उघडलं की ड्रायव्हरकाकांचं पहिलं वाक्य हेच असायचं. घाबरलेला माणूस नकळत दात आवळून बसतो, असं त्यांचं म्हणणं होतं. तुम्हीही दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या किंवा परीक्षेच्या हॉलबाहेर उभ्या असलेल्या माणसांचे जबडे कधी बघा. मी तेव्हापासून बघत आलो आहे, आणि बऱ्याचदा काकांचं म्हणणं खरं निघतं.

दात सुटले की ते तळहातावर बशी धरल्यासारखा हात तोंडाशी न्यायचे. “गरम चहा हाय असं समज. सांडायचा नाय. हळू फुंक.” मोकळ्या हाताकडे बघून फुंकर घालणारा तो रुंद खांद्यांचा, खाकी कपड्यांतला माणूस पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हसू आलं होतं. दुसऱ्यांदा मीच फुंकत होतो.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. आमचं गाव पेठ तालुक्यात, आणि मी नाशिकच्या कॉलेजात शिकत होतो. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. वडील भात आणि नागली पिकवायचे. कॉलेजात नेमकं काय असतं, हे सांगू शकेल असं घरात कोणी नव्हतं. पास काढून मी रोज पहाटेच्या बसने जायचो आणि संध्याकाळी परत यायचो. बसमध्ये मला दरीकडच्या खिडकीची भीती वाटायची, आणि वर्गात हजेरीची. सरांनी नाव पुकारलं की कानात वाफ भरायची, छाती धडधडायची आणि “हजर सर” एवढे दोन शब्दसुद्धा घशातून निघायचे नाहीत. एकदा मी असा गप्प राहिलो आणि वर्गात असूनही माझी गैरहजेरी लागली.

दरी दिसू नये म्हणून मी पुढे, इंजिनाच्या बॉनेटजवळ बसायचो. तिथे काकांची ओळख झाली. ते देवळ्याकडचे, कांदा पिकवणाऱ्या घरातले. माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. मला ते “कॉलेज” म्हणायचे. “ये कॉलेज, बस. छातीत कोंबडी दाबून आणलीस का आज पण?”

घाट सुरू होण्याआधी, शेवटच्या वळणाच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला एक करंजाचं झाड होतं आणि त्याखाली एक सपाट दगड. तिथे ते गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचे. चपला काढायचे, पाय दवातल्या गवतावर टेकायचे आणि दगडावर बसायचे. आधी लांबच्या डोंगराकडे बघायचे, मग जवळच्या एखाद्या पानाकडे. फुंकर घालायचे. पाखरं ऐकायचे. एक विडी ओढून होईल इतका वेळ, पण विडी मात्र ओढायचे नाहीत. मग उठून यायचे आणि गाडी घाटाला लावायचे. घाटात मात्र एकदाही हॉर्नशिवाय वळण घेतल्याचं मला आठवत नाही.

कंडक्टर त्यांचा जुना जोडीदार. तो चेष्टा करायचा, “आमच्या साहेबांची झाडाबरोबर मीटिंग चाललीय. मिनिट्स नंतर मिळतील.” काका ओरडून उत्तर द्यायचे नाहीत. एवढंच म्हणायचे, “घाटाला घाई चालत नाय, बाबा.”

कधीकधी ते मलाही खाली बोलवायचे. थंड गवतावर पाय ठेवून मी उभा राहायचो. पहिले काही दिवस मला लाजच वाटली. पण पायाखाली गार लागत असताना छातीतली धडधड हळूहळू पोटात, मग गुडघ्यात उतरल्यासारखी वाटायची. तोंडी परीक्षेच्या दिवशी कॉलेजमागच्या हिरवळीवर कोणी नाही असं बघून मी बूट काढले, दात सोडले आणि बशी फुंकली. परीक्षा फार चांगली गेली असं मी म्हणणार नाही. निम्मी उत्तरं चुकली असतील. पण माझा आवाज बाहेर आला. दुसऱ्या दिवशी हे सांगितल्यावर काकांनी नुसती मान हलवली. मग कंडक्टर मागे तिकिटं फाडत असताना हळूच म्हणाले, “मला येतं म्हणून मी सांगतो असं नको समजू. मला तुझ्याहून लय भ्या वाटतं.”

मला वाटलं ते माझं मन राखायला म्हणत आहेत. पण त्यानंतर मी त्यांच्या हातांकडे लक्ष देऊ लागलो. करंजाच्या झाडापर्यंत त्यांचे दोन्ही अंगठे स्टेअरिंगवर थरथरत असायचे. दगडावरून उठून आले की ती थरथर थांबलेली असायची.

पुढे त्यांनी तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका घाटात, धुक्यातून एक मुलगी अचानक गाडीसमोर आली होती. शेळीमागे धावत होती. गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. मुलगी शेळी घेऊन निघून गेली. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

“कायच झालं नाय त्या दिवशी,” काका म्हणाले. “कायतरी झालं असतं तर ते एकदाच झालं असतं. आता ते रोज होतं.”

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, पण त्या घेतल्या की झोप यायची, आणि झोप येत असताना गाडी कशी चालवायची? डेपोत सांगितलं तर हातातलं स्टेअरिंग जाईल, ही दुसरी भीती. तरुणपणापासून त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. गावाकडे त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. सगळे ‘डायवर’ म्हणत. तर असं होतं ते. रोज घाटाआधी तो दगड, आणि दगडाच्या बळावर घाट. ही गोष्ट कंडक्टरला माहीत होती आणि आता मला. मागे बसलेल्या पन्नास जणांना माहीत नव्हती. ती कळल्यापासून काकांना सोडून दुसऱ्या गाडीने जावं असंही वाटायचं, आणि पहाटे पाय मात्र त्यांच्याच गाडीकडे वळायचे.

बिघडलं ते चांगुलपणाने.

बाजाराला निघालेली माणसं रोजच्या थांबण्यावर कुरकुरायला लागली होती. भाजी सुकते, गिऱ्हाईक जातं. एके दिवशी आवाज फार वाढले. तेव्हा काकांना सांभाळून घ्यावं म्हणून कंडक्टर म्हणाला, “गप बसा रे जरा. त्यांचा देव हाय तिथं.”

सगळी गाडी एकदम शांत झाली. देव आहे म्हटल्यावर कोण बोलणार?

पुढच्या आठवड्यात दगडावर शेंदूर होता.

रानभाज्यांची टोपली घेऊन नाशिकला जाणारी एक आजी आमच्या गाडीत असायची. तिनेच पहिला नारळ आणला. ज्याच्यामुळे रोज घाट सुखरूप पार होतो, त्याला आपण इतके दिवस काही दिलं नाही, याचं तिला मनापासून वाईट वाटत होतं. मग कोणी झेंडूची माळ आणली, कोणी भगवं निशाण लावलं, कोणी घंटा टांगली. दुसऱ्या गाड्याही थांबू लागल्या. आमची गाडी थांबली की निम्मे प्रवासी उदबत्त्या घेऊन खाली उतरायचे. पहिला नारळ फोडायचा मान अर्थात काकांचा.

काका तो फोडायचे. हात जोडून गर्दीत उभे राहायचे. शेंदूर लावलेल्या दगडावर ते बसणार कसे? गवत तुडवून चिखल झाला होता आणि घंटेच्या आवाजाने पाखरं उठून गेली होती. त्यांनी एकदा अलीकडच्या ओढ्यावरच्या मोरीवर गाडी थांबवून पाहिली, तर लोक तिथेही उतरले आणि इथला देव कोणता म्हणून विचारू लागले. कंडक्टर बिचारा ओशाळा झाला होता. “मी निस्तरतो,” म्हणायचा, पण देव कसा निस्तरायचा हे त्यालाही कळत नव्हतं.

मी मात्र अंगठ्यांकडे बघत होतो. आता ते झाडानंतरही थरथरत होते.

भाद्रपदातली सकाळ होती. नारळ फुटला, खोबऱ्याचे तुकडे वाटले गेले, गाडी निघाली. दुसऱ्या वळणावर धुकं इतकं दाट झालं की वायपर फिरत होता पण काचेपलीकडे काहीच नव्हतं. काकांनी हॉर्न दिला. पुन्हा दिला. मग गाडी थांबली, तीही वळणावरच.

“काय झालं?” मागून कोणीतरी विचारलं.

काकांचे हात स्टेअरिंगवर होते आणि बोटं पांढरी पडली होती. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, करवत ओढावी तसा. मागून एखादा ट्रक आला तर त्याला आम्ही दिसणार नव्हतो. कंडक्टरच्या हे आधी लक्षात आलं. तो उडी मारून उतरला आणि लाल फडकं घेऊन मागच्या वळणाकडे पळाला. माझे दात घट्ट आवळले होते. सोडता येईनात. तेवढ्यात आजी देव कोपला म्हणून पुटपुटू लागली आणि दोन बायांनी मुलांना पोटाशी धरलं.

तेव्हा काका सीटवरच मागे वळले. “तो देव नाय, मावश्यांनो,” ते म्हणाले. आवाज घोगरा होता, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचला. “तो माझा बसायचा दगड हाय. मला घाटाचं भ्या वाटतं. तिथं बसलं की कमी होतं. आता तिथं बसता येत नाय.”

एक माणूस चिडून उठला. पन्नास जणांचा जीव घेऊन चालला होतास आणि आत्ता सांगतोस, असं तो बोलू लागला. तो चुकीचं बोलत होता असं मला आजही म्हणवत नाही. पण आजीने त्याला हाताने खाली बसवलं.

“कशाचं भ्या वाटतं, लेका?” तिने विचारलं.

“समोर कोणी येईल याचं.”

आजीने टोपली बाकाखाली सरकवली. “मग आम्ही पुढं चालतो. वरडत जातो. आमच्या आधी कोणी येणार नाय.”

आणि खरंच तसं झालं. आम्ही सगळे उतरलो. पायाला अधू असलेला एक म्हातारा आणि लहान मुलं असलेल्या बाया तेवढ्या गाडीत राहिल्या. बाकीचे डोंगराच्या बाजूने, गटाराला धरून, बरेच पुढे चालू लागलो. कोणी हाळ्या देत होतं, कोणी शेळ्या हाकल्यासारखे आवाज काढत होतं. धुक्यात पुढचा माणूस दिसत नव्हता, नुसता ऐकू यायचा. मागे गाडीचे दोन पिवळे दिवे चालीच्या गतीने येत होते, आणि गाडीच्याही मागे लाल फडकं हलवत कंडक्टर. मी सारखा वळून बघत होतो. आपल्या मागून एक घाबरलेला माणूस एवढी मोठी गाडी घेऊन येतो आहे, ही भीती काही कमी नव्हती. माझ्या तोंडून हाळी निघाली तीही फाटकीच. पण निघाली.

घाटमाथ्यावर काकांनी गाडी नीट कडेला लावली, हँडब्रेक ओढला आणि उतरले. “इथून पुढं मी नाय,” ते कंडक्टरला म्हणाले. मागून आलेल्या बसमध्ये रजेवर घरी चाललेला एक ड्रायव्हर होता. त्याने आमची गाडी घेतली. काका माझ्या शेजारी प्रवाशासारखे बसले. सपाट रस्त्यावरही प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय पत्रा दाबत होता.

नाशिकच्या स्टँडवर मी त्यांच्याबरोबर डेपोच्या ऑफिसपर्यंत गेलो. आत काय बोलायचं ते त्यांना सुचत नव्हतं. “आत्ता तिथं जे बोललात तेच बोला,” एवढंच मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टोपी काढून केस बसवले, आणि आत गेले. लेक्चर बुडेल हे माहीत असूनही मी बराच वेळ बाहेर उभा राहिलो. ते बाहेर आले नाहीत.

ते आमच्या गाडीवर पुन्हा कधी दिसले नाहीत. पुढच्या सोमवारी नवा ड्रायव्हर होता, तरुण, गाणं गुणगुणणारा. आजीने चढल्याबरोबर कंडक्टरला विचारलं, “आपला भितरा कुठंय?”

त्यांना डेपोतच टायरच्या कामाला घेतलं आहे, घाट नाही, रस्ता नाही, असं कंडक्टरने सांगितलं. पगारात थोडा फरक पडला, पण झोप लागते म्हणतात.

“बरं झालं बाई त्याचं,” आजी म्हणाली. मग माझ्या शेजारी बसत, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, “भितऱ्याच्या गाडीत मी डोळे मिटून झोपायची.”

नव्या ड्रायव्हरने झाडापाशी गाडी हळूसुद्धा केली नाही. आजीने दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरला. मीही धरला. गाडी हॉर्न न देता पहिल्या वळणात शिरली.