पडद्यावरचा पावणा

गाडी पुरती थांबायच्या आधीच मी दारात! मुंबई ते कोल्हापूर डोळ्याला डोळा लागला नव्हता, कारण नसीमनं कळवलं होतं की राजारामपुरीजवळच्या रायफल क्लबात बंदुकीचं व्हिडिओ मशीन आलंय. आत्ता डोंबिवलीला घरी परत पोचून टाइपरायटर बडवतेय. अक्षरं मागेपुढे झाली तर सांभाळून घ्या!

नसीम ही माझी कॉलेजच्या कॅम्पातली मैत्रीण. तिला पोलिसात जायचंय, म्हणून क्लबात नाव घालायचंय. तिचे अब्बा शिंपी. मशीन बघायला तेही निघाले, पण दुकानाला कुलूप लावताना म्हणाले, "बंदूक हातात आली की मान्साचं डोकं जातंय. तू डोकं ठिवून दाखीव, मग नाव घालू. न्हायतर गप शिलाईला बसायचं." नसीमचा चेहराच पडला.

वाटेत मिसळ खाल्ली. कट (तिखटजाळ रस्सा) हौसेनं जास्त ओतून घेतला आणि ढसाढसा रडले. मालक गल्ल्यावरून ओरडला, "कुठलं पावणं? पाणी द्या रं त्यास्नी!" इथं अनोळखी माणूस म्हणजे पावणं (पाहुणे). कोण, कुठलं, हे मोठ्यांदा विचारल्याशिवाय कुणी सोडत नाही.

क्लबात अंधारी खोली, बघ्यांची गर्दी, भलामोठा टीव्ही, खाली व्हिडिओ आणि त्याला वायरीनं जोडलेली रायफल. वजन अगदी खऱ्यासारखं! गोळी नाहीच. चाप ओढला की चित्र जागच्या जागी थांबतं आणि मारलं तिथं पांढरा ठिपका उमटतो. टीव्हीतला माणूस आपण थांबवायचा, अहो! मी आ वासून बघत राहिले.

"तुमच्या दारात मानूस आलाय असं समजा," मशीन चालवणारे रिटायर सुभेदार म्हणाले. "धोका वाटला तरच मारा."

माझ्या टेपमध्ये रेनकोटवाला तरातरा आला, हात खिशात. मी चाप ओढला. ठिपका बरोब्बर छातीवर! मी उडीच मारली. सुभेदारांनी टेप पुढे सोडली. खिशातून निघाला रुमाल. त्यानं नाक शिंकरलं.

"सर्दीनं मेला बिचारा," सुभेदार म्हणाले. सगळे हसले. मी रायफल नसीमकडे दिली.

नसीमला दुसरी टेप लावली. एक काळा चष्मेवाला फाटकातून आत, एक हात पाठीमागे. नसीमनं रायफल खांद्याला लावली आणि टीव्हीवरच खेकसली, "ओ पावणं! कोण पायजे? हात फुडं घ्या आदी!"

खोलीत हशा. "आगं, टीव्ही हाय त्यो!" कुणीतरी ओरडलं. अब्बांनी मान खाली घातली. नसीम लालबुंद, पण नळी हलली नाही.

चष्मेवाल्यानं हात पुढे घेतला. हातात जेवणाचा डबा. नसीमनं रायफल खाली केली.

हसणं थांबलं. सुभेदार म्हणाले, "सकाळपास्नं एकानंबी विचारलं न्हाय. आदी हाक, मग बंदूक. ह्येच शिकवाय लागतंय लोकास्नी."

मग तिसरी टेप. ह्याच्या हातात सुरा. नसीमनं हाक दिली, तो थांबला नाही, आणि ठिपका खांद्यावर!

अब्बा घसा खाकरत पुढे झाले. "घाला नाव, सुभेदार. हिच्या आवाजानंच चोर पळत्याल. तुमच्या गोळ्या वाचतील."

नसीमनं मला अशी मिठी मारली की बरगड्या अजून दुखतायत.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी बराच वेळ स्वतःचं बोट बघत होते. घाबरले की माझं तोंड बंद होतं आणि बोट चालतं, हे त्या खोलीत कळलं. सोमवारपासून नसीमच्या हातात खरी रायफल येणार आहे, आणि मला मुळीच भीती वाटत नाही.